ती माहेरी, तो कामावर

आपल्या शहापूर-मुरबाडकडे पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरीच. ती माहेरी, तो भिवंडीच्या गोडाऊनवर. मध्ये फक्त फोन. तिने दहा वेळा लावला, त्याने उचलला नाही. तिला वाटतं, याला काळजीच नाही. त्याला वाटतं, ही सारखी मागे लागते.

असं का होतं? घाबरल्यावर जवळ घेणारं कुणी आहे का, हे मूल लहानपणीच शिकतं, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हाच धागा मोठ्यांच्या प्रेमापर्यंत नेला. कधी माया, कधी दुर्लक्ष मिळालेलं मूल पुढे सारखी खात्री मागू शकतं. 'पोरगा असून रडतोस?' ऐकत वाढलेला भीती वाटली की गप्प होऊ शकतो. बाळंतपणात तर भीती दोघांनाही असते, म्हणून जुनी सवय वर येते.

पण सवय म्हणजे नशीब नव्हे. त्याने 'कामात आहे, सातला करतो' एवढा मेसेज टाकावा, आणि सातला खरंच फोन करावा. तिने 'का नाही उचललास?' ऐवजी 'मला भीती वाटतेय' म्हणावं. फारच जड झालं, तर आशाताईंशी बोला किंवा टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा, मोफत आहे.