खाली दुकान, वर मकान

गेल्या सत्रात इयत्ता नववीचे दोन विद्यार्थी एका बाकावर बसायला तयार नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की भांडण मुलांचे नव्हतेच. एकाच्या वडिलांची तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे आणि दुसरा त्याच इमारतीत, गिरणीच्या बरोबर वर राहतो. वरच्या घरातील वडील कारखान्यात रात्रपाळी करतात. सकाळी आठला ते अंथरुणावर पडतात आणि नऊला गिरणी सुरू होते. दोन्ही पालक आमच्याकडे येऊन गेले. खरे सांगायचे तर दोघांचेही म्हणणे आम्हाला पटले. म्हणून या अंकात या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ‘नीचे दुकान, ऊपर मकान’ हे शब्द आम्ही लहानपणापासून सोय म्हणूनच ऐकत आलो. सिल्वासातही अशा इमारती सोयीपोटीच उभ्या राहिल्या. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ मध्ये २,२०,४९० होती, ती २०११ च्या जनगणनेत ३,४३,७०९ झाली. कारखान्यांमागून कामगार आले, त्यांना घरे हवी होती आणि घरांना किराणा, दवाखाना, गिरणी. गिरगावच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांतही खाली दुकाने होतीच. पण तेथे दुकानदार पुष्कळदा मागच्याच खोलीत राहत असे. दुकानाचा धूर त्याच्याही घरात जाई. आता गाळ्याचा मालक राहतो वापीला, गाळा चालवतो भाडेकरू आणि त्रास होतो तिसऱ्यालाच. (आपल्या विश्वस्तांपैकी ज्यांचे गाळे आहेत, त्यांनी राग मानू नये.) भाडेकरूचीही बाजू आहे. तो व्यापारी दराने वीज घेतो, भाडे चुकवत नाही आणि वरून त्याच्या छपरावर कचरा पडतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे, दहा डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मग खाली गिरणी आणि वर बिछाना असलेली इमारत कोणत्या क्षेत्रात धरायची? नियमांच्या तक्त्याखाली याचे उत्तर आहे: मिश्र क्षेत्र हे औद्योगिक, व्यापारी, निवासी किंवा शांतता यांपैकी एका वर्गात सक्षम अधिकाऱ्याने घोषित करायचे. म्हणजे रस्ता व्यापारी ठरला की वरचे घरही व्यापारी मर्यादेत गेले. शिवाय आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल वा अधिक वर गेला तर तक्रार करता येते, म्हणजे तेथे दिवसा ७५. आणि नियमाचा ‘दिवस’ सकाळी सहा ते रात्री दहा. रात्रपाळी करणाऱ्याची रात्र सकाळी आठला सुरू होते, हे त्या घड्याळाला ठाऊक नाही. आमच्या मते आपल्यासारख्या कारखान्यांच्या गावात ही मोठीच उणीव आहे.

सगळाच त्रास झोपेपुरता नसतो. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला ९ मे २०१५ रोजी आग लागली. त्या आगीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी गेला. त्या भागात घरे, दुकाने आणि सोनारांचे कारखाने एकाच जिन्यावर आहेत. आपल्या इमारतींत जिन्याखाली, वीजमीटरांना लागून मालाची खोकी रचलेली दिसतात. ती आज तेथून हलवावीत. यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याची वाट पाहायला नको.

घर घेणाऱ्या पालकांनी मंजूर नकाशात खालचा गाळा कशासाठी दाखवला आहे ते आधी पाहावे. आपला प्रदेश महारेराच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्यामुळे नोंदणी झालेल्या प्रकल्पाची माहिती तेथे मिळते.

त्या गिरणीवर आम्ही आमच्या विज्ञान शिक्षकांना घेऊन गेलो. वरच्या घरात ताटलीतला चमचा थरथरत होता. शिक्षकांनी समजावले की हवेतून येतो त्यापेक्षा अधिक त्रास खांबांतून चढतो, कारण यंत्राचे पाय थेट फरशीत आवळलेले आहेत. त्याखाली जाड रबर बसवले, खर्च दोघांनी अर्धा-अर्धा केला. थरथर पुष्कळ कमी झाली, पण थांबली नाही. मिरची कांडपाचे यंत्र सर्वांत दणकट. होळीनंतर, ऐन परीक्षांच्या दिवसांत त्याचा हंगाम येतो. यंदा ते दुपारी तीननंतरच चालवायचे, असे गिरणीवाल्यांनी कबूल केले आहे. वाहने कोठे लावायची यावर मात्र अजून एकमत नाही. मुले अजूनही वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मधल्या सुटीत डबा मात्र एकत्र खाताना दिसली.