खोडदच्या दुर्बिणीचे जनक : गोविंद स्वरूप

शिवनेरी, नाणेघाट आणि डिंभे धरण यांच्यासाठी परिचित असलेल्या जुन्नर-आंबेगाव परिसराला विसाव्या शतकाच्या अखेरीस खोडद येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ (जीएमआरटी) या दुर्बिणीने जगाच्या वैज्ञानिक नकाशावर स्थान मिळवून दिले. ती साकारणारे गोविंद स्वरूप (२३ मार्च १९२९ – ७ सप्टेंबर २०२०) भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचे, म्हणजे आकाशस्थ पदार्थांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या अभ्यासाचे, जनक मानले जातात. या बिरुदाचा खरा अर्थ मात्र त्यांनी उभारलेल्या यंत्रांइतकाच त्या यंत्रांच्या निमित्ताने घडलेल्या माणसांत शोधावा लागतो.

उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा येथे जन्मलेल्या स्वरूप यांनी अलाहाबाद विद्यापीठात शिक्षण घेऊन दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले आणि पुढे ऑस्ट्रेलियात व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधनाचा अनुभव मिळवला. १९६१ साली परदेशस्थ सहकाऱ्यांसह त्यांनी होमी भाभा यांच्याकडे भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापण्याचा प्रस्ताव पाठवला, भाभांनी तो उचलून धरला आणि १९६३ साली स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियात वापराबाहेर गेलेल्या ३२ लहान अँटेना मिळवून १९६५ साली त्यांनी कल्याणजवळ सूर्याचा वेध घेणारी रचना उभी केली.

त्यानंतर १९७० साली पूर्ण झालेली उटीची दुर्बीण ही त्यांच्या कल्पकतेची पहिली मोठी खूण ठरली. त्या स्थानाचे अक्षांश सुमारे ११ अंश असल्याने तेवढाच उतार असलेली टेकडी निवडून ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद परावर्तक तिच्यावर उत्तर-दक्षिण बसवला, तेव्हा त्याचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर झाला आणि तो एकाच आसाभोवती फिरवून तासन्‌तास एखाद्या स्रोताचा मागोवा घेणे शक्य झाले. अशी दुर्बीण पूर्वी कधीही न बांधलेल्या तरुण अभियंत्यांवर व संशोधकांवर स्वरूप यांनी ही जबाबदारी सोपवली होती, आणि विश्वास टाकून माणूस घडवण्याची हीच रीत पुढे खोडदलाही चालली.

१९८०च्या दशकात आखलेल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि १६ इंग्रजी ‘वाय’च्या आकारात पसरलेल्या तीन शाखांवर असून टोकाच्या अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. दोन-दोन अँटेनांच्या एकूण ४३५ जोड्यांकडून येणारे संकेत एकत्र करून आकाशाची प्रतिमा तयार केली जाते. मीटरभर लांबीच्या लहरींना भरीव पत्र्याची गरज नसते, हे ध्यानात घेऊन स्वरूप यांनी तारांच्या दोरखंडांवर ताणलेली पोलादी जाळी परावर्तक म्हणून वापरली. जाळीतून वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही आवाक्यात राहिला.

डोंगरांचा आडोसा, पुण्याची जवळीक आणि मानवनिर्मित रेडिओ लहरींचा कमी उपद्रव या कारणांनी खोडदची निवड झाली. ही शांतता टिकवण्यासाठी परिसरातील उद्योगांवर निर्बंध आले, आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही दुर्बिणीचा प्रश्न पुढे आला. त्यामुळे या संशोधनाच्या खर्चाचा काही वाटा जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील रहिवासी उचलतात, हे नोंदवल्याशिवाय कोणताही आढावा पुरा होत नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास होणारे विज्ञान प्रदर्शन, ज्यात शाळकरी मुले आपले प्रयोग मांडतात, ही त्या ऋणाची अंशतः का होईना, परतफेडच आहे.

निवृत्तीनंतरही स्वरूप अखेरपर्यंत संशोधनात रमले, आणि वयाचा वा हुद्द्याचा विचार न करता विद्यार्थ्यांशी बरोबरीने वाद घालणारे ज्येष्ठ मित्र म्हणून त्यांची ख्याती राहिली. विज्ञान शिक्षण व संशोधन एकत्र देणाऱ्या ‘आयसर’ संस्थांच्या कल्पनेमागेही व. गो. भिडे यांच्यासह त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या निधनानंतर, २०२३ साली, विश्वात पसरलेल्या अतिशय कमी वारंवारितेच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नात अद्ययावत झालेल्या जीएमआरटीच्या निरीक्षणांचा वाटा होता. संस्थापकाच्या पश्चात यंत्र नवे प्रश्न विचारत राहणे आणि ते विचारणारी पिढी तयार असणे, हीच ‘जनक’ या बिरुदाची खरी कसोटी असून स्वरूप तिला पुरते उतरतात.