रक्षकांची पुष्पिका : बुलढाणा जिल्ह्यांतील इतिहाससाधनें व तीं राखणारे

[१]

संस्कृत पोथी हातीं आली म्हणजे अभ्यासक प्रथम तिचें शेवटचें पान पाहतो. तेथें पुष्पिका असते. तींत नकलकाराचें नांव व गांव, शक, मास, तिथि, आणि पोथी कोणाच्या पठनार्थ लिहिली हें सांगितलेलें असतें. कित्येकदां तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथी राखावी अशी विनंतीहि असते. परंतु ती विनंति ज्यांनीं मानली त्यांचें नांव पोथींत कोठेंहि नसतें. शके १६०० च्या सुमाराची पोथी आज आपणांस वाचतां येते ती मधल्या दहाबारा पिढ्यांनीं तिला दरसाल ऊन दाखवून पुन्हां रुमालांत बांधलें म्हणून. ग्रंथकर्त्याचा गौरव होतो, नकलकाराची नोंद होते, संपादकास मानपत्र मिळतें. राखणारा तेवढा निनांवी राहतो.

इतिहासाचीं साधनें राखणाऱ्या व्यक्तींचा व संस्थांचा सन्मान कसा करावा, हा प्रश्न मंडळांच्या बैठकींतून वरचेवर निघतो. शाल व श्रीफळ यांस आमची हरकत नाहीं. परंतु याहून कमी खर्चाचा, अधिक टिकाऊ आणि शास्त्रासहि उपयोगी असा एक सन्मान आहे, व त्याकडे आपलें सर्वांचें दुर्लक्ष झालें आहे. तो कोणता हें बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणांनीं दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

[२]

या जिल्ह्याचे कागद विखुरले कां, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सन १७२४ च्या आक्टोबरांत साखरखेर्डा येथें निजामुल्मुल्क व मुबारिजखान यांची लढाई झाली; मुबारिजखान पडला व निजाम दक्षिणेंत वस्तुतः स्वतंत्र झाला. ज्या रणांगणावर हैदराबादच्या राज्याचा पाया पडला तें गांव याच जिल्ह्यांतील होय. पुढें वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली चालली. १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील अंमल गेला, १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलें, आणि १९०३ पासून तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. इतके धनी बदलल्यामुळें सरकारी दप्तर कांहीं हैदराबादेस, कांहीं नागपुरास आणि कांहीं पुण्यास असा प्रकार झाला. स्थानिक व्यवहाराचा कागद मात्र राहिला तो देशमुख, देशपांडे, पाटील, जोशी, काजी, पुजारी यांच्या घरीं.

तो त्यांनीं इतिहासाच्या प्रेमानें राखला असें मानण्याचें कारण नाहीं. सनद, महजर, निवाडपत्र, इनामपत्र हा हक्काचा पुरावा होता. वतन चालावयाचें तर कागद दाखवावा लागे. म्हणून दागिन्यांच्या पेटींत दागिन्यांशेजारीं कागदाला जागा मिळाली. पुढें वतनें गेलीं, हक्क संपले, मोडी वाचणारे घरांतून नाहींसे झाले. जो कागद पूर्वीं घर राखीत होता तोच आतां घरांतली अडचण झाला. असें असतांहि ज्यांनीं तो टाकला नाहीं, त्यांनीं तो कोणत्याहि लाभावांचून राखला. पूर्वजांनीं हक्कासाठीं राखलें. यांनीं केवळ पूर्वजांसाठीं राखलें. म्हणून सन्मानाचे खरे अधिकारी या शेवटच्या दोनतीन पिढ्याच आहेत.

[३]

राखणाऱ्याचें नांव राखलेल्या वस्तूस जोडावें, ही कल्पना आम्हीं नवीन काढलेली नाहीं. आपल्या प्रांतांत ती सातशें वर्षांची आहे, व तिचा उत्तम दाखला महानुभाव पंथाचा आहे. श्रीचक्रधरांच्या संचारांत लोणार व मेहकर हीं या जिल्ह्यांतील स्थळें येतात. म्हणून हा दाखला येथें परका नव्हे. म्हाइंभटांनीं शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलें तें एका जागीं बसून नव्हे. ज्यांनीं लीळा पाहिल्या वा ऐकल्या होत्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन, विचारपूस करून त्यांनीं एकेक लीळा मिळविली. पुढें स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ प्रत नष्ट झाली असें सांप्रदायिक वृत्तान्त सांगतो. तेव्हां ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणावरून तो पुन्हां उभा करण्यांत आला. अशा रीतीनें जे पाठ निर्माण झाले त्यांपैकीं एक हिराइसा या साध्वीच्या नांवानें ओळखला जातो. त्या बाईनें ग्रंथ रचला नाहीं; तिनें तो मनांत जतन केला. पंथानें तिची समाधि बांधली वा न बांधली, पाठाला तिचें नांव दिलें. त्या नांवामुळें तिचा मान राहिला, आणि हा पाठ कोणत्या मार्गानें आला हेंहि पुढील संपादकांस कळलें. सन्मान व प्रमाण हीं दोन्ही एकाच शब्दांत साधलीं.

याच लीळाचरित्राचें विस्तृत संपादन १९७८ सालीं प्रसिद्ध झालें तें डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचें. त्यांचा जन्म १९०८ सालीं मलकापूर तालुक्यांतील नरवेल या खेड्यांत झाला. १९६७ सालीं भोपाळच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, व तो मान सर्वथा योग्य होता. परंतु सांकेतिक लिपींत लिहिलेल्या पोथ्या ज्या मठांनीं शतकानुशतकें उतरून ठेविल्या, ते मठ नसते तर एवढ्या मोठ्या पंडितासहि संपादन करण्यास कांहींच मिळालें नसतें.

[४]

वस्तु गांवानें राखल्याचें उदाहरण मेहकरचें आहे. तेथील शार्ङ्गधराची, लोकांच्या बोलण्यांतील बालाजीची, भव्य मूर्ति १८८८ सालीं जमीन खणतांना सांपडली. ती परक्या देशीं जाऊं नये म्हणून गांवकऱ्यांनीं तांतडीनें तिची प्रतिष्ठा केली, आणि पूजेंत बसलेल्या देवास हलविणें अधिकाऱ्यांस कठीण झालें, असा स्थानिक वृत्तान्त आहे. मूर्तीबरोबर ताम्रपट निघाले व ते मात्र बाहेर गेले, असेंहि त्याच वृत्तान्तांत सांगतात. मूर्ति ओळखण्यास अक्षर लागत नाहीं. म्हणून तिच्यासाठीं सारा गांव उभा राहतो. लेख वाचणारा असेल तरच त्याची किंमत कळते; म्हणून त्याच्यासाठीं कोणी उभा राहत नाहीं.

आजहि स्थिति फारशी निराळी नाहीं. सिंदखेडराजा येथें, म्हणजे मातोश्री जिजाबाईंच्या जन्मस्थानीं, लखुजी जाधवांच्या समाधिछत्रीच्या संवर्धनाचें काम चालू असतां पुरातत्त्व खात्यास प्रथम एका शिवमंदिराचे अवशेष व पुढें, २०२४ च्या जूनमध्यें, शेषशायी विष्णूची सुमारें १.७० मीटर लांब व १ मीटर उंच अशी मूर्ति मिळाली. ही वार्ता देशभर पसरली, आणि तें उचितच झालें. दगडास खातें आहे, कायदा आहे, पहारा आहे. कागदासहि कायदा आहे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचें ७५ वर्षांहून जुनें हस्तलिखित पुरावस्तूंत मोडतें. परंतु माळ्यावरच्या रुमालास पहारेकरी एकच, तो म्हणजे घरचा माणूस. त्याच्या मागें वाटणी झाली, वाडा उतरवला, किंवा जुन्या पोथ्या पवित्र म्हणून नदींत सोडल्या, कीं काम आटोपलें.

[५]

ज्यांनीं हें जाणून वेळींच हात घातला त्यांचें स्मरण कृतज्ञतेनें केलें पाहिजे. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं ‘वऱ्हाडचा इतिहास’ व १९३४ सालीं ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे ग्रंथ प्रसिद्ध केले. जिल्ह्याच्या गांवीं राहून, मोठ्या दप्तरखान्यांपासून दूर, सबंध प्रांताचा इतिहास लिहितां येतो हें त्यांनीं दाखविलें. यवतमाळच्या शारदाश्रमांत यशवंत खुशाल देशपांडे यांनीं हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला; त्यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ चें. रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील शिलालेख व ताम्रपट यांची वर्णनात्मक यादी १९१६ सालीं आणि संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची यादी १९२६ सालीं प्रसिद्ध केली. लेख वा पोथी कोणत्या स्थळीं आहे हें सांगण्याची ही शिस्त पहिल्या पिढीच्या संशोधकांनीं घालून दिली. पोथी वाचण्यापूर्वीं ती कोठें व कोणाजवळ आहे हें लिहावें, असा तिचा अर्थ आहे.

[६]

ही शिस्त मोडल्यास काय होतें हें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों, व तो अनुभव सांगण्यास लाज वाटत असली तरी सांगणें प्राप्त आहे. शिक्षकी करीत असतां, सुमारें ३५ वर्षांपूर्वीं, या जिल्ह्यांतील एका खेड्यांत आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनीं एक मोडी महजर दाखविला. दोन दुपारी बसून आम्हीं त्याची नक्कल केली. शब्द न् शब्द ताडून पाहिला. महजरावरील साक्षीदारांचीं नांवें, शक, शिक्का, सर्व लिहून घेतलें. निघतांना त्या गृहस्थांनीं विचारलें, “मास्तर, हें कुठें छापलं तर आमच्या घराण्याचं नांव येईल ना?” आम्हीं होय म्हटलें. पण नकलेवर त्यांचें नांव, त्यांच्या घराण्याचें मूळ गांव, कागद त्यांच्याकडे कोणत्या नात्यानें आला, यांपैकीं कांहींच लिहिलें नाहीं. तें आपल्या लक्षांत राहीलच असें वाटलें.

तें लक्षांत राहिलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर ती नक्कल काढली तेव्हां ते गृहस्थ वारले होते, मुलें शहरांत गेलीं होतीं, वाड्याच्या जागीं दुसऱ्याचें घर होतें. अस्सल कागदाचा पत्ता लागला नाहीं. आज आमच्याजवळ अक्षरशः शुद्ध अशी एक नक्कल आहे, आणि ती कोणत्याहि जाणत्या संशोधकानें प्रमाण म्हणून स्वीकारूं नये अशीच ती आहे. कारण अस्सल कोणाचें, कोठील, हें ती सांगत नाहीं. आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांचा मान बुडविला, आणि त्याच चुकीनें कागदाचा पुरावाहि बुडविला. या दोन गोष्टी निराळ्या नाहींत, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

[७]

म्हणून आमची सूचना अशी. यापुढें जो जो कागद वा पोथी आपण पाहूं, तिच्या नकलेखालीं अथवा छायाचित्राबरोबर एक ‘रक्षकपुष्पिका’ जोडावी. तींत पांच गोष्टी असाव्या : (१) राखणाऱ्याचें नांव व गांव, (२) साधन त्यांच्याकडे कोणत्या परंपरेनें आलें, म्हणजे वारसा, लग्नसंबंध, गुरुशिष्यसंबंध किंवा खरेदी, (३) तें कशांत व कसें ठेवलें होतें, कारण रुमाल मोडून कागद निवडले कीं त्यांचा परस्परसंबंध तुटतो, (४) कोणीं, केव्हां पाहिलें, (५) अस्सल परत केलें कीं संस्थेस दिलें, आणि दिलें असल्यास कोणत्या अटीवर. लेख छापतांना ही पुष्पिका लेखाच्या शिरोभागीं द्यावी. शेवटच्या आभारांत तिला दडवूं नये. छापील अंकाची एक प्रत त्या घरीं व एक त्या गांवच्या शाळेंत अवश्य पोंचवावी. ज्या घरांत आपलें नांव छापलेला अंक आहे, त्या घरांतील नातू रुमाल रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां तरी थांबेल.

यावर एक आक्षेप संभवतो व तो खरा आहे. नांव व गांव प्रसिद्ध झालें कीं जुन्या वस्तूंचे दलाल त्या दारीं जातील. याचा उपाय नांव गाळणें हा नव्हे. पूर्ण पुष्पिका संस्थेच्या नोंदवहींत असावी. छापावयाची ती मालकांच्या संमतीनें, आणि संमति नसल्यास गांवापुरती. संमति मागणें हाहि मानाचाच एक प्रकार आहे. ज्याच्याजवळ कागद आहे त्याला कागदाची किंमत व त्यासंबंधींचा कायदा समजावून सांगणें हें त्या भेटींतच करावें.

संग्राहकांस आमची विशेष विनंति आहे. आपल्या कपाटांतील ज्या पोथ्या आपण स्वतः खेड्यांतून आणल्या, त्यांच्या रक्षकांचीं नांवें अद्याप आपल्या स्मरणांत असतील. तीं आजच लिहावीं. आमच्यासारखें उद्यांवर टाकूं नये. पोथीचें शेवटचें पान बहुधा अर्धें कोरें असतें. त्या कोऱ्या जागेवर आपण कांहीं लिहूं नये हें खरें, परंतु तिच्याशेजारीं ठेवावयाच्या चिठ्ठीस कोणाचीच मनाई नाहीं. बहुत काय लिहिणें.