गाईच्या आहारातला खनिजांचा ताळेबंद

जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचे. २००९ पासून ते नानाजी देशमुखांच्या नावाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचा भाग आहे. जबलपूरभोवतीच्या गहू-भाताच्या पट्ट्यात भुसा आणि पेंढा मुबलक. पण त्यांनी पोट भरते, खनिजांची गरज भागत नाही.

• कॅल्शियम : लिटरभर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम जाते, चिकातून जवळजवळ दुप्पट. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम असते. म्हणून रक्तातले कॅल्शियम घटून होणारा दुग्धज्वर बहुधा व्याल्यानंतर तीन दिवसांतच गाठतो.

• स्फुरद : गव्हाच्या कोंड्यात भरपूर, पेंढ्यात तुटपुंजे. कमी पडल्यास गाय माती चाटते, हाडे चघळते, माजावर येत नाही.

• प्रमाण : कॅल्शियम व स्फुरद साधारण दीड ते दोनास एक. पेंढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

• विण्याआधीचे तीन आठवडे : पोटॅशियमयुक्त हिरवी वैरण आणि जादा कॅल्शियम टाळावे, नाहीतर हाडांतले कॅल्शियम वेळेवर रक्तात उतरत नाही.

• दुभत्या काळात : आंबोणात रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. दूध जास्त असल्यास मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

व्यालेली गाय मान पोटाशी वळवून बसली, कान गार पडले, तर ही दुग्धज्वराची लक्षणे समजा; तोंडातून औषध ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकते. लगेच डॉक्टरांना बोलवा.