शेपटीजवळची पाच अक्षरे

रस्त्यावरच्या मोटारीला नंबर असतो, तसा लढाऊ विमानालाही असतो. मोटारीचा नंबर पोलिसाला लांबून वाचता यावा म्हणून ठळक लिहितात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा नंबर मात्र शेपटीजवळ, जेमतेम वीतभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला असे. जुन्या छायाचित्रात तो नेमका कुणा मेकॅनिकच्या खांद्याआड जातो, नाहीतर गवतात बुडतो. तरीही हातात भिंग घेऊन तो शोधत बसणारी माणसे जगभर आहेत आणि त्यांतलाच मी एक. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे!

हा नंबर म्हणजे विमानाची जन्मखूण. एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे, किंवा दोन अक्षरे आणि तीन आकडे, अशी एकूण पाच चिन्हे. विमान कारखान्यातून निघाले की हा नंबर त्याला चिकटे तो मोडीत निघेपर्यंत. शत्रूला एकूण उत्पादनाचा अंदाज येऊ नये म्हणून या नंबरांच्या मालिकेत मुद्दाम मोठमोठी भगदाडे ठेवलेली असत. याशिवाय विमानाच्या अंगावर तीन मोठी अक्षरे असत. वर्तुळाकार निशाणीच्या एका बाजूला दोन अक्षरे स्क्वाड्रनची, दुसऱ्या बाजूला एक अक्षर त्या विमानाचे. छायाचित्रात सहज दिसतात ती हीच तीन अक्षरे, आणि फसवतातही तीच. कारण विमान पडले की त्याचे अक्षर दुसऱ्या दिवशी नव्या विमानाला मिळे. शाळेत एक मुलगा गेला की त्याचा हजेरी क्रमांक दुसऱ्याला मिळावा तसे.

स्क्वाड्रनची अक्षरेही कायमची नसत. १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या स्पिटफायरवर ‘डब्ल्यूझेड’ दिसले तर छायाचित्र युद्धापूर्वीचे समजावे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि ती अक्षरे बदलून ‘क्यूव्ही’ झाली. त्याहून मजा म्हणजे १९४० साली ९२ आणि ६१६ या दोन्ही स्क्वाड्रनच्या विमानांवर ‘क्यूजे’ हीच अक्षरे होती. युद्धाच्या धामधुमीत कुणाच्या लक्षात आले नसेल, किंवा आले तरी कुणाला सवड नसेल. आज मात्र ‘क्यूजे’वाले छायाचित्र हाती आले की आमची मंडळी हमरीतुमरीवर येतात.

मग वळायचे रंगांकडे. पंचांगावरून तिथी काढावी तशी रंगांवरून तारीख काढता येते. ब्रिटिश विमानाच्या अंगावरच्या वर्तुळाची पिवळी बाहेरची कडी १९४२ च्या मे महिन्यापासून बारीक झाली. अमेरिकन पांढऱ्या ताऱ्याच्या मधला लाल ठिपका त्याच सुमारास गेला आणि ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या १९४३ मध्ये. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर सैन्य उतरवण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत दोस्तांच्या विमानांवर घाईघाईने पांढरे-काळे-पांढरे-काळे-पांढरे असे पट्टे ओढले गेले, आपल्याच तोफांनी आपलीच विमाने पाडू नयेत म्हणून. एका इंजिनाच्या लढाऊ विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा असायला हवा होता; छायाचित्रांत ते वेडेवाकडे दिसतात, ब्रशाचे फटकारेसुद्धा ओळखू येतात. पंखांच्या वरच्या बाजूचे पट्टे जुलैपासून पुसले जाऊ लागले आणि वर्षअखेरीस सगळेच गेले. म्हणजे वरखाली पूर्ण पट्टे असलेले छायाचित्र त्या उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांतलेच. अपवाद आहेतच. टायफून विमानाच्या पंखांखाली असे काळे-पांढरे पट्टे आधीपासून होते, कारण ते जर्मन फोक-वुल्फसारखे दिसे.

पण रंगांवरून बोलायचे, तर छायाचित्रे कृष्णधवल! त्यातही त्या काळी दोन प्रकारच्या फिल्म वापरात होत्या. एका प्रकारच्या फिल्मवर पिवळा रंग गडद उतरे, लाल जवळजवळ काळा आणि निळा फिकट. त्यामुळे पिवळी कडी अंगरंगात विरघळून जाते आणि नवशिक्याला वाटते, कडी नव्हतीच. त्यात सेन्सॉरने निगेटिव्हवरून अक्षरे खरडून काढलेली असतात. कधी निगेटिव्ह उलटीच छापलेली असते. अशा वेळी स्पिटफायरचे छोटे दार पाहावे. ते वैमानिकाच्या डाव्या हाताला असते. उजवीकडे दिसले तर चित्र उलटे.

जर्मनांची पद्धत निराळी. त्यांच्या लढाऊ विमानावर आकडा असे आणि आकड्याच्या रंगावरून तुकडी कळे. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या हान्स-योआखिम मार्सेयचे ‘पिवळे चौदा’ हे या छंदातले सर्वांत प्रसिद्ध विमान. प्रत्यक्षात असे एक विमान नव्हतेच. एक निकामी झाले की दुसऱ्यावर तोच आकडा तसाच पिवळ्या रंगात चढे. त्यांतले कुठले कोणते हे ठरवायला शेपटीच्या सुकाणूवर रंगवलेल्या विजयाच्या खुणा मोजाव्या लागतात. सप्टेंबर १९४२ मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या नावावर १५८ विमाने होती. त्यातली प्रत्येक खूण म्हणजे समोरच्या बाजूचा कुणीतरी होता, हे मोजताना विसरायला होते. निदान मी तरी मोजताना मधेच थांबतो.

या सगळ्यात आपले काय? आहे थोडे. स्पिटफायरची ठोक किंमत पाच हजार पौंड धरून तेव्हा साम्राज्यभर वर्गण्या गोळा झाल्या आणि देणाऱ्यांची नावे विमानांना, कधी अख्ख्या स्क्वाड्रनला मिळाली. छायाचित्रात ‘एमटी’ अक्षरे असली तर ते १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन, ‘एफएफ’ असली तर १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) आणि ‘ओएन’ असली तर १२४ (बडोदा). मुंबईकरांच्या आणि गायकवाडांच्या संस्थानाच्या नावाने ही विमाने युरोपच्या आकाशात लढत होती. इकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वेगळीच अडचण. जपानी विमानांवर लाल गोळा, तेव्हा आपल्या निशाणीत लाल ठिपकासुद्धा नको. म्हणून दोस्तांनी लाल रंग काढून टाकला आणि गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका आला. भारतीय हवाई दलाच्या हरिकेनवरही हीच निशाणी होती.

आता कुणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? एक उत्तर पैशाचे आहे. २४ मे १९४० रोजी पी ९३७४ नंबरचे स्पिटफायर कॅलेच्या वाळूत उतरले. वैमानिक पीटर कॅझनोव्ह युद्धकैदी झाला आणि जर्मन सैनिकांनी विमानाजवळ उभे राहून हौसेने छायाचित्रे काढली. पुढे वाळूने ते गिळले. १९८० मध्ये ते वर आले, दुरुस्त होऊन २०११ मध्ये उडाले आणि २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात ३१ लाख पौंडांना विकले गेले. असल्या दुरुस्तीत नवा पत्रा किती आणि जुना किती, हा वाद न संपणारा. माणसे मोल देतात ते त्या नंबरामागच्या इतिहासाला.

दुसरे उत्तर मला अधिक पटते. २०१२ मध्ये इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात, जवळच्या गावापासून कित्येक मैल दूर, तेल कंपनीच्या एका माणसाला किटीहॉक विमान सापडले. मोडलेले, पण जवळजवळ सगळे जागेवर. वाळूने रंग घासून नेला होता. तरी नंबर मिळाला, ईटी ५७४. अक्षरे जुळली, एचएस-बी. एचएस म्हणजे २६० स्क्वाड्रन. कागद काढले तेव्हा कळले, २८ जून १९४२ रोजी हे विमान दुरुस्तीसाठी दुसऱ्या तळावर नेताना बेपत्ता झाले होते. वैमानिक फ्लाइट सार्जंट डेनिस कॉपिंग, वय २४. विमानाजवळ पॅराशूट पसरलेले होते, बहुधा उन्हाच्या आडोशासाठी. रेडिओ बाहेर काढलेला होता. म्हणजे उतरल्यानंतर तो जिवंत होता, कुणाशी तरी संपर्क साधायची त्याने खटपट केली होती. सत्तर वर्षे ‘बेपत्ता’ या एका शब्दात मिटवलेली गोष्ट त्या पाच अक्षरांनी उघडली.

कॉपिंग मात्र सापडला नाही. त्याचे नाव एल अलामीनच्या स्मारकावर, ज्यांना कबर मिळाली नाही अशांच्या यादीत आहे. विमान पुढे एल अलामीनच्याच लष्करी संग्रहालयात ठेवले गेले. तिथे त्याला नवा रंग दिला आणि तो मूळच्या रंगांशी जुळत नाही. वाळवंटात सापडल्या दिवशी घेतलेली छायाचित्रे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा काढून पाहतो. घासलेल्या पत्र्यावरचे जुने ते आता त्यांतच उरले आहे.