दमट हवेतले मेतकूट

तान्हे मूल असलेल्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये हा महाराष्ट्रातील जुना शिष्टाचार असून, बाळाला आणि बाळंतिणीला द्यावयाच्या भेटीत, म्हणजे बाळंतविड्यात, झबली-टोपड्यांच्या जोडीने खाण्याच्या वस्तूंनाही मानाचे स्थान आहे. डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतशेपा घातलेली सुपारी आणि घरी भाजून दळलेले मेतकूट या त्यांतील ठळक वस्तू होत. यांपैकी मेतकूट, म्हणजे भाजलेल्या डाळी व धान्ये यांत मोजके मसाले घालून केलेली पूड, आधी बाळंतिणीच्या आणि पुढे बाळाच्याही ताटात जाते, त्यामुळे ते करणाऱ्याची जबाबदारी इतर कोणत्याही मसाल्यापेक्षा मोठी असते.

माथेरानसारख्या ठिकाणी ही जबाबदारी आणखी वाढते. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये पाहणी केल्यानंतर थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली, तरी दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना आजही मज्जाव असल्याने वाणसामान घोड्यांवर, हातगाड्यांवर किंवा डोक्यावरूनच पुढे न्यावे लागत आले आहे; ई-रिक्षा तर अगदी अलीकडच्या. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या स्थानकांदरम्यानची रेल्वेसेवाही बंद असते. कोकणपट्टीत ज्याला आगोट म्हणतात, ती पावसाआधी करून ठेवायची धान्य, मिरची, सुकट आणि सरपणाची बेगमी अशा गावात चैनीची बाब नसून संसाराची गरज ठरते.

आगोटीतला मसाला टिकतो किंवा बिघडतो तो मुख्यतः ओलाव्यामुळे. वाळलेली मिरची व भाजलेली धान्ये हवेतील ओल सहज शोषतात. ओल वाढली की बुरशी धरते, आणि बुरशीच्या काही जातींपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असलेले विष तयार होते, जे नुसत्या भाजण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणूनच मिरच्यांना चैत्र-वैशाखाचे कडक ऊन दाखवतात, आणि देठाशी वाकवताच मिरची कडकन मोडली तरच ती कांडायला घेतात. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी लवंगी अशी सांगड घालणे ही चवीची बाब आहे. मिरची लवचीक असताना घाई करणे मात्र कोणत्याही प्रमाणात क्षम्य नाही. कांडून किंवा दळून आणलेला मसाला गरम असतानाच बरणीत भरला, तर वाफेचे पाणी होऊन झाकणाच्या आत जमते, म्हणून तो परातीत पसरून पूर्ण निवू द्यावा लागतो.

घरात रांगते मूल असताना मिरच्यांचे काम कसे करावे याकडे पाककृतींच्या पुस्तकांत क्वचितच लक्ष दिलेले आढळते. मिरचीतील कॅप्सेसिन हे दाहक द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. त्यामुळे देठे खुडल्यावर हात नुसत्या पाण्याने धुऊन बाळाला घेतल्यास त्याच्या डोळ्यांची आग होते. हातांना आधी तेल चोळून नंतर साबणाने धुणे आणि मसाल्याच्या दिवशी बाळाला दुसऱ्या घरी ठेवणे हाच खरा उपाय होय.

मेतकुटाची कृती साधी, पण सावकाशीची आहे. एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ आणि पाव-पाव वाटी तांदूळ व गहू हे जिन्नस वेगवेगळे भाजतात, कारण दाण्यांच्या आकारमानानुसार प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा असतो आणि एकत्र भाजल्यास तांदूळ करपेपर्यंत हरभराडाळ आतून कच्चीच राहते. आच मंद ठेवून डाळ गुलाबी होईपर्यंत व खमंग वास सुटेपर्यंत हलवीत राहावे लागते. मेथी व मोहरी चमचाभर, जिरे व धणे त्याहून थोडे अधिक, शिवाय सुंठ, हळद, हिंग आणि किंचित जायफळ घालून सर्व बारीक दळतात. मेथी करपली तर सगळे मेतकूट कडू होते. जिन्नस कोरडेच भाजलेले असल्याने, तीळ व सुके खोबरे असलेल्या गोड्या मसाल्याइतकी ही पूड लवकर खवट होत नाही. दिवाळीच्या भेटीसाठी ती आश्विनातल्या उन्हात ताजी करावी, हे उत्तम. वैशाखातला मसाला तोवर अर्ध्या वर्षाचा जुना झालेला असतो.

मोठ्यांच्या मेतकुटात मीठ व लाल मिरची असते, बाळासाठीच्या पुडीत दोन्ही नसावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे आणि नंतर पूरक आहार सुरू करावा. उष्टावणही बहुधा याच सुमारास होते. वर्षाच्या आतील मुलाच्या अन्नात वेगळे मीठ व साखर घालू नये, आणि प्रत्येक नवे धान्य आधी एकेकटे देऊन पाहिल्यावरच मऊ भातावर तूप-मेतकुटाची चिमूट टाकावी. हळदीबाबतही दक्षता हवी, कारण चकाकी आणण्यासाठी हळकुंडांना शिसेयुक्त पिवळा रंग लावल्याची प्रकरणे बांगलादेशात उघडकीस आली आहेत, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर सर्वाधिक होतो. अति झळाळणारी हळकुंडे टाळणेच श्रेयस्कर.

माथेरानहून परतणारे पर्यटक मध व चिक्की हमखास नेतात, मात्र या दोन्ही वस्तू तान्ह्या बाळासाठी अयोग्य आहेत. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ते वाढून पक्षाघातासारखा आजार घडवतात. म्हणून जन्मल्यावर मध चाटवण्याची किंवा त्यात गुटी उगाळण्याची प्रथा सोडून देणे आवश्यक आहे. चिक्कीतील अख्खे शेंगदाणे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात.

भेटीची पूड कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत द्यावी, आणि बरणीवर घटकांची नावे, दळल्याची तारीख व 'मीठ-मिरची नाही' ही नोंद ठळकपणे लिहावी, कारण गहू किंवा मोहरी न चालणाऱ्या मुलाच्या आईला ही यादी पाककृतीपेक्षा अधिक उपयोगी पडते. पूड विकायची झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते. पावसाळ्यात अशी बरणी चुलीच्या वाफेपासून दूर ठेवून, दर वेळी कोरडा चमचाच वापरावा, आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेच मेतकूट एका वेळी करावे.