कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कारच्या दारांत बसवलेले साडेसहा इंची स्पीकर साधारण ७० हर्ट्झच्या खाली झपाट्याने मंदावतात. माणसाचा कान मात्र २० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, तेव्हा या स्पीकरमधून तिचे वरचे उपस्वर ऐकू येतात आणि मूळ स्वर जवळजवळ हरवतो. ढोलाचा ठेका कळतो, घुमारा कळत नाही. २० ते ८० हर्ट्झ ही तळाची दोन सप्तके वाजवणे एवढेच सबवूफरचे काम. त्याच्याभोवती साचलेले गैरसमज मात्र बरेच आहेत आणि त्यांतले बहुतेक खिशाला चाट लावणारे आहेत.

सर्वांत महाग पडणारा समज असा, की कंपनीचा स्टिरिओ काढल्याशिवाय सबवूफर लावता येत नाही, कारण त्याच्या मागे अँप्लिफायरला सिग्नल देणारे आरसीए आउटपुट नसते. आउटपुट बहुधा नसते हे खरे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. लागणारा सिग्नल स्पीकरच्या तारांमध्ये आधीपासून असतोच. हाय-लेव्हल इनपुट असलेल्या अँप्लिफायरला या तारा थेट जोडता येतात. अंगचा अँप्लिफायर असलेल्या बहुतेक सबवूफरना ही सोय असते. नसेल तिथे लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची छोटी डबी मध्ये टाकून स्पीकरचा सिग्नल आरसीएला मानवेल इतका खाली आणतात. आजकाल रिव्हर्स कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणे आणि गाडीच्या अर्ध्या सेटिंग्ज त्याच टचस्क्रीनमध्ये अडकलेल्या असतात. अशा गाडीत केवळ बेससाठी स्टिरिओ उपटणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

हा सिग्नल सहसा मागच्या दारांच्या स्पीकरवरून घेतात. त्यात एक गंमत होते. कोणी सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारा फेडर पूर्ण पुढे सरकवला की मागचा सिग्नल बंद पडतो, त्यासोबत बेसही जातो आणि नवा सबवूफर बिघडल्याची तक्रार सुरू होते. ट्वीटरच्या तारेवरून सिग्नल घेतला तर खालचे स्वर त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. महागड्या मॉडेलमध्ये कंपनीचा वेगळा अँप्लिफायर असतो आणि तो प्रत्येक स्पीकरला स्वरांचा ठरावीक टप्पाच पाठवतो. तिथे कोणत्या तारेत काय वाहते, हे आधी मोजून पाहावे लागते.

स्टिरिओ तसाच ठेवण्यात खरी अडचण एकच आहे, पण तिची चर्चा क्वचितच होते. दारातले स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीचे अनेक स्टिरिओ आवाज वाढवला की बेस आपोआप कमी करतात. मग हळू आवाजात घुमणारा सबवूफर मोठ्या आवाजात दबून जातो. नुसता जास्त ताकदीचा अँप्लिफायर लावून हे बरे होत नाही. कापलेला बेस परत भरून काढणारा डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर लागतो. मध्यम आवाजात गाणी ऐकणाऱ्याला त्याची गरज बहुधा पडत नाही.

आकड्यांचा घोळ वॅटपासून सुरू होतो. स्टिरिओच्या डबीवरचा ‘५० वॅट गुणिले ४’ हा आकडा कुठून येतो, ते पाहण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे साधारण ५२. पण एवढी शक्ती सिग्नल पूर्ण चिरडून चौकोनी झाला तरच निघते. स्वच्छ स्वर वाजवताना गणिताने त्याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅटची मर्यादा येते आणि अँप्लिफायरमधली तूट धरली की हाती उरतात १५ ते २० वॅट. सबवूफरच्या खोक्यावरच्या हजार-पंधराशे वॅटची गत यापेक्षा वाईट असते. तुलना करायची ती आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या शक्तीच्या आकड्यांचीच. शिवाय दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. शक्ती दुप्पट केली की आवाजात ३ डेसिबलची भर पडते आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते.

सबवूफरमुळे बॅटरी बसते, ही भीती अर्धीच खरी आहे. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर पुरवतो. ३०० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप्लिफायर पूर्ण ताकदीने सलग चालला तरी २६ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. गाण्यात ठोके येतात-जातात, त्यामुळे सरासरी याच्या बरीच खाली राहते. बॅटरी उतरते ती दोन प्रकारांनी: इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजवली तर, किंवा अँप्लिफायर चालू-बंद करणारी रिमोट वायर चुकीच्या जागी जोडल्याने तो रात्रभर जागा राहिला तर. दिवे ठोक्याबरोबर मंद होतात म्हणून एक फॅरडचा कॅपॅसिटर गळ्यात मारला जातो. व्होल्टेज १४.४ वरून १२ वर येईपर्यंत तो जेमतेम ३२ ज्यूल ऊर्जा देतो, म्हणजे ३०० वॅटसाठी सेकंदाचा दहावा भाग. त्याच पैशात जाड तार आणि चांगले अर्थिंग केलेले केव्हाही उत्तम.

तारेत फसवणूकही सोपी असते. स्वस्त वायरिंग किटमधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची निघते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. पॉझिटिव्ह तार थेट बॅटरीवरून घ्यावी लागते आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा. हा फ्यूज अँप्लिफायर वाचवण्यासाठी असतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो तारेसाठी असतो. पत्र्याला घासून इन्सुलेशन फाटले तर अँप्लिफायरजवळच्या फ्यूजचा काही उपयोग होत नाही. बॅटरीपासून तिथपर्यंतची तार पेटू शकते. निगेटिव्ह तार पत्र्याला जोडताना खालचा रंग खरवडून उघड्या धातूवर बोल्ट आवळायचा. रंगावरच आवळलेला बोल्ट हे गुणगुणीचे नेहमीचे कारण आहे.

डिक्कीभर खोका नसेल तर बेस नाही, हा समज बंदिस्त गाडीपुरता तरी टिकत नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते, तर हॅचबॅक बंपरपासून बंपरपर्यंत ४ मीटरच्या आत. लहर गाडीत मावत नाही, तेव्हा आतली हवा एकसंध दाबली जाते आणि खालचे स्वर आपोआप उचलले जातात. त्यामुळे घरात किरकोळ वाटणारा आठ इंची सबवूफरही गाडीत भरदार वाजतो. बारा इंची सबवूफरच्या कोनचे क्षेत्रफळ त्याच्या सव्वादोन पट असते आणि तो अधिक हवा हलवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या सीएनजी गाडीची डिक्की सिलिंडरनेच अडवली आहे, तिथे सीटखाली बसणारा चपटा सबवूफर हाच व्यवहार्य पर्याय उरतो. डिक्कीत खोका ठेवलाच तर तो घट्ट बांधलेला हवा, कारण जोरदार ब्रेक लागताच पंधरा-वीस किलोचे ते लाकूड पुढे झेपावते.

बसवल्यानंतरचा मोठा गैरसमज गेनच्या नॉबचा. तो आवाज वाढवण्यासाठी नसून स्टिरिओच्या सिग्नलशी अँप्लिफायरचा मेळ घालण्यासाठी असतो. स्टिरिओचा आवाज पाऊण पट ठेवून गेन हळूहळू वाढवावा आणि फाटल्यासारखे ऐकू येताच थोडा मागे घ्यावा. वरचे स्वर अडवणारा लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास राहू द्यावा. बेस तरीही पोकळ वाटत असेल, तर नवा सबवूफर घेण्याआधी फेजचे बटण पाहावे. चालकाच्या सीटवर एकाने बसावे, दुसऱ्याने बटण शून्यावरून १८० वर न्यावे. ज्या स्थितीत बेस जास्त भरतो ती बरोबर. दारातले स्पीकर बाहेर ढकलत असताना सबवूफर आत ओढत असेल, तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. या एका बटणाने सुटणाऱ्या तक्रारी थोड्याथोडक्या नसतात.

वॉरंटीबाबत दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. सबवूफर लावला म्हणून इंजिनाच्या बिघाडाची जबाबदारी सहसा टळत नाही, पण मूळ वायरिंग कापलेले आढळले आणि बिघाड विजेचा असला तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. नेमक्या अटी वॉरंटीच्या पुस्तिकेत असतात. अनेक लोकप्रिय मॉडेलसाठी न कापता बसणारे कपलर बाजारात मिळतात. ते स्टिरिओच्या मागे जोडता येतात आणि गाडी विकताना काढूनही घेता येतात.